‘हेम्प-डिराइव्ड’ला मराठीत काय म्हणावे? (अंबाडी, ताग, भांग की आणखी काही)

प्रश्न

अमेरिकेतल्या पाकिटांवर ‘हेम्प-डिराइव्ड डेल्टा-८ टीएचसी, फार्म बिलनुसार कायदेशीर’ असे छापलेले असते. (टीएचसी म्हणजे भांगेच्या झाडातले नशा आणणारे संयुग, डेल्टा-८ आणि डेल्टा-९ हे त्याचे प्रकार. फार्म बिल म्हणजे अमेरिकेचा शेतीविषयक केंद्रीय कायदा.) तिथे राहणाऱ्या मराठी ज्येष्ठांसाठी माहितीपत्रक करायचे आहे. हेम्पला शब्दकोशांत ‘ताग’ आणि ‘अंबाडी’ही सापडते, ‘भांग’ही सापडते. यातले कोणते घ्यावे? ‘डिराइव्ड’ला ‘जन्य’ पुरेल ना?

उत्तर १

ताग नको आणि अंबाडी तर मुळीच नको. इंग्रजीत दोर वळायला वाख देणाऱ्या कितीतरी झाडांना हेम्प हे नाव चिकटले. सन हेम्प म्हणजे आपला ताग, डेक्कन हेम्प म्हणजे अंबाडी, सिसल हेम्प म्हणजे घायपात, आणि मनिला हेम्प तर केळीच्या कुळातले. कोशांतली सरमिसळ तिथून आली. अंबाडीचे शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस. पाने भांगेसारखी चिरलेली म्हणून ‘कॅनाबिनस’, एवढाच संबंध. अंबाडीची भाजी खाणाऱ्या माणसाला ‘अंबाडीपासूनची गोळी’ असे वाचायला दिले तर तो ती निर्धास्तपणे तोंडात टाकेल.

भांगेची अडचण वेगळी आहे. भांग म्हणजे पाने, गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, चरस म्हणजे राळ. आपले तिन्ही शब्द झाडाचा भाग सांगतात. अमेरिकी कायद्यातला ‘हेम्प’ भाग सांगत नाही, टक्का सांगतो. २०१८च्या फार्म बिलाप्रमाणे कॅनाबिस सटायव्हाचा, म्हणजे भांगेच्या झाडाचा, कुठलाही भाग, बी, अर्क, समघटक हे सगळे हेम्प, फक्त डेल्टा-९ टीएचसी शुष्क वजनाच्या ०.३ टक्क्यांहून जास्त नको. त्याच शेतातले त्याच जातीचे रोप ०.५ टक्के निघाले की कायद्याच्या भाषेत मारिजुआना, म्हणजे गांजा. टक्क्यावर उभा असलेला शब्द मराठीत नाही, म्हणून ‘हेम्प’ तसाच ठेवा आणि पहिल्या उल्लेखातच त्याचा अर्थ सांगा.

उत्तर २

‘०.३ टक्के’ लिहून थांबू नका. हा आकडा १९७६ साली स्मॉल आणि क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी वर्गीकरणाच्या सोयीसाठी घेतला होता, नशेची मर्यादा म्हणून नव्हे. शिवाय ०.३ टक्के म्हणजे ग्रॅमला ३ मिलिग्रॅम. सुक्या पाल्यात ते नगण्य. पण ४ ग्रॅमच्या गोळीत हाच टक्का १२ मिलिग्रॅम होतो, आणि सवय नसलेल्या माणसाला तेवढे भरपूर होतात. ३५५ मिलिलिटरच्या पेयाचा हिशेब केला तर हजार मिलिग्रॅमच्या वर जातो. म्हणून पत्रकात टक्क्याशेजारी ‘एका गोळीत इतके मिलिग्रॅम’ हे हवेच.

फुलांच्या पाकिटांवर ‘टीएचसीए’ असते तिथेही हीच गफलत. टीएचसीए स्वतः नशा आणत नाही, पण तापवले की त्याचे टीएचसी होते. एकूण टीएचसी काढताना टीएचसीएला ०.८७७ने गुणून डेल्टा-९ मिळवतात. २० टक्के टीएचसीए असलेले फूल ओढले की ते जवळजवळ १७.५ टक्क्यांचे, म्हणजे सरळ गांजाच. पाकिटावर मात्र ‘हेम्प’.

उत्तर ३

मला ‘जन्य’ची जास्त काळजी वाटते. इंग्रजी ‘डिराइव्ड’मध्ये दोन वेगळ्या क्रिया दडतात आणि मराठीला त्या वेगळ्या सांगता येतात. दुधातून लोणी *काढतात*, दुधापासून पनीर *बनवतात*. सीबीडी, म्हणजे याच झाडातले नशा न आणणारे संयुग, हेम्पमधून काढतात. ते झाडात भरपूर असते. डेल्टा-८ झाडात नाममात्र असते. बाजारातला बहुतेक माल सीबीडीवर आम्लाची प्रक्रिया करून बनवलेला असतो. प्रक्रिया नीट आवरली नाही तर उरलेले आम्ल, द्रावक आणि ओळख न पटलेली उपउत्पादने मालात राहतात. डेल्टा-८ आणि डेल्टा-९ यांची चाचणीच्या आलेखातली शिखरे एकमेकांवर चढली तर प्रयोगशाळेचा अहवालही फसतो. म्हणून अहवाल पाहताना त्यावरचा बॅच क्रमांक पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळतो का, आणि द्रावकांची चाचणी केली आहे का, हे दोन्ही बघावे.

‘हेम्पजन्य’ लिहिले की हा फरक पुसला जातो. सीबीडीला ‘हेम्पमधून काढलेले’ आणि डेल्टा-८ला ‘हेम्पमधल्या सीबीडीपासून बनवलेले’ असे लिहा. कायदाही आता याच फरकावर आला आहे. १२ नोव्हेंबर २०२५ला सही झालेल्या अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने हेम्पची व्याख्या बदलली: मोजायचे ते एकूण टीएचसी, झाडाबाहेर संश्लेषित केलेली संयुगे वगळलेली, आणि विक्रीच्या एका डब्यात ०.४ मिलिग्रॅमची मर्यादा. अंमल एक वर्षाने. वरची १२ मिलिग्रॅमची गोळी या मापात कुठेच बसत नाही.

प्रश्नकर्ती

म्हणजे ‘फार्म बिलनुसार कायदेशीर’ याचे भाषांतर करूच नये का?

उत्तर १

करा, ताई, पण ‘कुठे’ आणि ‘कधी’ हे दोन शब्द जोडा. २०२२ साली नवव्या सर्किटच्या (अमेरिकेतल्या पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या) केंद्रीय अपील न्यायालयाने डेल्टा-८ फार्म बिलाच्या व्याख्येत बसते असे म्हटले. पाकिटांवरची भाषा त्या बळावर चालली. पण त्याच फार्म बिलात राज्याने हेम्पची *वाहतूक* अडवायची नाही एवढेच बंधन आहे. विक्री अडवायला राज्य मोकळे. आयडाहोत मालात टीएचसी अजिबात चालत नाही. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४पासून हेम्पच्या खाद्यपदार्थांत मोजता येईल इतकेही टीएचसी बंद केले. मिनेसोटाने जुलै २०२२पासून उलट दार उघडले: वय २१, खाद्यपदार्थाच्या एका वाट्यात ५ मिलिग्रॅम, पाकिटात ५०. टेक्सासात २०२५मध्ये विधिमंडळाने बंदीचे विधेयक मंजूर केले आणि राज्यपालांनी ते २२ जूनला नाकारले. मिनियापोलिसच्या दुकानातले पाकीट लॉस एंजेलिसला लेकीकडे नेले, तर गोळी तीच, शब्द तोच, अर्थ मात्र बदललेला.

उत्तर ३

भारतात येणाऱ्यांसाठी एक वाक्य ठळक टाकाच. आपल्या १९८५च्या अमली पदार्थ कायद्याच्या इंग्रजी संहितेत ‘हेम्प’ हा शब्द कॅनाबिसशेजारी कंसात येतो आणि त्याचा अर्थ चरस, गांजा व त्यांची मिश्रणे असा आहे. अमेरिकेत जो शब्द सूट देतो, तो इथे बंदीच्या व्याख्येत बसलेला. इथे ०.३ टक्क्यांची सवलतही नाही. उत्तराखंडसारख्या राज्याने ०.३ टक्क्यांची अट घातली ती लागवडीच्या परवान्यासाठी. चरसाच्या व्याख्येत शुद्ध केलेली राळ आणि हशीश तेल येते, त्यामुळे तेलाची कुपी गांजा न ठरता चरस ठरू शकते. गांजाचे ‘अल्प प्रमाण’ १ किलो, चरसाचे १०० ग्रॅम. नुसती पाने, म्हणजे भांग, या कायद्याबाहेर राहिली, पण महाराष्ट्रात ती १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय चालत नाही. गुजरातने २०१७मध्ये भांग आपल्या बंदीतून काढली. तेव्हा ‘भांग चालते की’ हेही राज्य विचारूनच बोलायचे.

प्रश्नकर्ती

मसुदा असा केला: “हेम्पमधल्या सीबीडीपासून बनवलेले डेल्टा-८ टीएचसी, एका गोळीत … मिलिग्रॅम. नशा आणते. … राज्यात … या तारखेला विक्रीस परवानगी होती. भारतात आणू नये. डेल्टा-९पेक्षा एक अंशाने सौम्य.”

उत्तर २

शेवटचे वाक्य काढा. ८ आणि ९ हे तीव्रतेचे अंश नाहीत. रेणूतला दुहेरी बंध कितव्या कार्बनपासून सुरू होतो त्याचा तो क्रमांक आहे. बाकी मसुदा छापायला द्या, आणि तारखेची जागा पेनाने भरता येईल इतकी मोठी ठेवा.