मॉडिफाय केलेल्या जुन्या मसल कारची विकताना खरी किंमत काय धरायची?

नॉरवुड६९

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९६९ची शेवरले कॅमॅरो आहे, कूपे, ओहायोतच नॉरवुडच्या कारखान्यात बनलेली. मी घेतली तेव्हा साधी ३२७ (क्युबिक इंचाची) व्ही-एट आणि दोन गिअरची पॉवरग्लाइड होती. ऑफिसमधल्या एका रिटायर होणाऱ्या गृहस्थांकडून घेतली, त्यांनी ती ॲरिझोनाहून आणलेली त्यामुळे बॉडीला गंज जवळजवळ नाही. मग हळूहळू काम करत गेलो. आता शेवरलेचंच नव्या काळातलं एलएस-३ इंजिन, ट्रेमेकचा सहा गिअरचा टी-५६ मॅग्नम, पुढे नवीन सबफ्रेम (इंजिन आणि पुढची चाकं धरणारा सांगाडा) आणि कॉइलओव्हर सस्पेन्शन, चारही चाकांना विलवुडचे डिस्क ब्रेक, व्हिंटेज एअरचा एसी, नवीन पेंट, नवीन इंटिरियर असं सगळं आहे. गाडी धरून पावत्यांची बेरीज ९० हजार डॉलरच्या आसपास जाते.

आता घर बदलतोय आणि तिकडे गॅरेज नाही, त्यामुळे विकावी लागणार. एका डीलरने फोटो बघून सरळ ४८ हजार सांगितले. मित्र म्हणतो एक लाखाच्या खाली हात लावू देऊ नकोस, टीव्हीवरच्या ऑक्शनला अशाच गाड्या दीड-दीड लाखाला जातात. आणि शेजारचे काका म्हणतात ओरिजिनल ठेवली असतीस तर आज सोनं झालं असतं. तिघांचं तीन दिशांना, डोकं चालेनासं झालंय. खरी किंमत ठरवायची कशी आणि विकायची कुठे, अनुभव असलेल्यांनी प्लीज सांगा.

पाना_दहा_नंबर

पावत्यांची बेरीज आधी बाजूला ठेव, खरंच सांगतो. घेणारा तुझ्या पावत्यांची किंमत देत नाही, तो समोर उभी असलेली गाडी बघतो आणि तशीच दुसरी कितीला मिळेल याचा हिशोब करतो. पेंट आणि बॉडीवर्कचे पैसे तर कधीच पूर्ण परत येत नाहीत, कारण त्यात निम्म्याहून जास्त मजुरीच असते.

पण डीलरचा ४८ हजार हा पण काही खरा आकडा नाही. त्याला ती विकून नफा काढायचाय, शिवाय मॉडिफाय केलेली गाडी म्हटलं की ते लोक आतून कशी असेल याची भीती धरूनच आकडा सांगतात. आणि फोटोवरून सांगितलेला आकडा तर सोडूनच दे.

शेजारच्या काकांचं म्हणणं तुझ्या गाडीला लागू होतं का ते बघ. १९६९ला कॅमॅरो दोन लाख चाळीस हजारांच्या वर बनल्या. त्यातल्या झेड-२८ (कारखान्यातूनच निघालेली जोरदार आवृत्ती) साधारण वीस हजार, आणि ॲल्युमिनियम ४२७वाल्या झेडएल-१ फक्त ६९. झेडएल-१ कापून कोणी एलएस टाकलं असतं तर मी पण हळहळलो असतो. साधी ३२७ पॉवरग्लाइड मात्र मॉडिफाय करायलाच चांगला बेस आहे, त्यात तू काही दुर्मिळ घालवलेलं नाहीस. आजच्या ट्रॅफिकमध्ये, हायवेला, एसी लावून चालवता येईल अशी तुझ्यासारखी गाडी साध्या कॅमॅरोपेक्षा जास्त लोक शोधतात.

फक्त गाडी खरंच साधीच होती ना ते आधी पक्कं कर. मग मला हे सांग: गिअरबॉक्सवरचा फ्लोअरचा टनेल कापलाय का (टी-५६ मॅग्नमला बहुतेक कापावाच लागतो), मागे रुंद टायरसाठी चाकावरचा आतला पत्रा कापून मिनी-टब केलंय का, वायरिंग कोणी केलं, आणि जुनं इंजिन कुठाय.

बिगब्लॉक_४५४

वर दादांनी बरोबर सांगितलंय, त्यात कागदाची बाजू घालतो, कारण किमतीत सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो. १९६९च्या कॅमॅरोचा व्हीआयएन (गाडीचा ओळख नंबर) १२४३७ने सुरू झाला तर व्ही-एट कूपे आणि १२३३७ असेल तर सहा सिलिंडर, त्याच्यापुढे तो काही सांगत नाही. एसएस (सुपर स्पोर्ट) आहे की झेड-२८, ते त्या नंबरात नाहीच. म्हणून कॅमॅरोत नकली एसएस आणि नकली झेड-२८ एवढ्या फिरतात. नॉरवुडच्या गाड्यांच्या इंजिनामागच्या फायरवॉलवरच्या टॅगला त्या वर्षी एक्सचा कोड आलेला, एक्स-३३ किंवा एक्स-७७ असेल तर झेड-२८. तुझ्या टॅगवर काय आहे ते बघ, आणि पेंटच्या वेळी टॅगचे रिव्हेट कोणी काढले नाहीत ना ते पण.

बाकी कंपन्यांचं वेगळं आहे. १९६६ ते ६८च्या शेव्हेलचा नंबर १३८ने सुरू झाला की ती खरी एसएस ३९६. मोपारवाले (डॉज, प्लिमथ, क्रायस्लर) सुखी, त्यांच्या व्हीआयएनमध्ये पाचवं अक्षर इंजिनचंच, १९६८च्या चार्जर आरटीला एल म्हणजे ४४० आणि जे असेल तर ४२६ हेमी. पॉन्टिॲकची माहिती पीएचएसकडून (पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) मागवता येते आणि १९६७पासूनच्या फोर्डची मार्टी रिपोर्टमधून. हे सगळं अशासाठी सांगतोय की खऱ्या हेमीला किंवा एलएस-६ (तेव्हाचं ४५४ इंजिन) शेव्हेलला मॉडर्न इंजिन बसवलं तर किंमत धाडकन खाली येते, आणि साध्या गाडीला तेच इंजिन बसवलं तर वर जाते. इंजिन तेच, खर्च तोच, फक्त बेस कुठली गाडी होती यावर सगळं उलटं होतं.

आणि तुझ्या गाडीवर एसएसचे बिल्ले लावले असशील तर जाहिरातीत स्वच्छ लिही की ही खरी एसएस नाही. हे लपवलेलं सापडलं की घेणारा बाकीच्या कशावरच विश्वास ठेवत नाही.

नॉरवुड६९

दोघांनाही मनापासून धन्यवाद, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. आत्ताच खाली जाऊन टॅग बघून आलो, एक्सचा कोड नाहीये, रिव्हेट जुनेच आहेत. व्हीआयएन १२४३७९एन. एसएसचे बिल्ले नाहीत, हुड पण साधाच ठेवलाय.

टनेल कापलाय, वर पॅच बसवून नीट वेल्ड केलाय आणि कार्पेटखाली आहे. मिनी-टब नाही केलं. जुनी सबफ्रेम भिंतीला उभी आहे. ३२७ स्टँडवर झाकून ठेवलंय, ब्लॉकच्या पुढच्या पॅडवर (सपाट जागेवर) ठोकलेला नंबर व्हीआयएनशी जुळतो. पॉवरग्लाइड पण आहे. वायरिंग एका छोट्या शॉपने केलं, काम चांगलं आहे पण त्यांनी डायग्राम काही दिला नाही, आणि ते शॉप आता बंद झालंय. फ्युएल गेज अधूनमधून चुकतो.

पाना_दहा_नंबर

वा, मग तुझी गाडी मला वाटलं होतं त्यापेक्षा बरी निघाली. मिनी-टब नाही आणि जुनी सबफ्रेम, इंजिन, गिअरबॉक्स सगळं आहे म्हणजे टनेल सोडला तर बाकी गाडी परत मूळ रूपात नेता येते. कोणी नेणार नाही कदाचित, पण नेता येते एवढ्यानेच घेणाऱ्याचा जीव शांत होतो. पॅडवरचा नंबर जुळणारं ३२७ अजिबात वेगळं विकू नकोस. सुट्टं विकलं तर फार काही येत नाही आणि गाडीसोबत दिलं तर जाहिरातीत एक ओळ अशी येते जी दुसऱ्या बहुतेक रेस्टोमॉडच्या (जुन्या बॉडीत नवीन इंजिन-पार्ट घातलेल्या गाड्यांच्या) जाहिरातीत नसते. त्या पॅडचा जवळून फोटो काढ, नंबर वाचता येईल असा, आणि पॅड घासू-बिसू नकोस, नुसता कापडाने पूस.

फ्युएल गेज मात्र विकायच्या आधी दुरुस्त करच. शंभर डॉलरचा टाकीतला सेंडर असतो पण घेणारा टेस्ट ड्राइव्हला बसला, काटा हलताना बघितला, की त्याच्या डोक्यात येतं की वायरिंगमध्येच काहीतरी गडबड आहे, आणि मग तो पाच हजार कमी सांगतो.

अनुजा_एम

मी घेणाऱ्याच्या बाजूने लिहिते, कारण मी आणि माझ्या नवऱ्याने मागच्या वर्षी अशीच गाडी घेतली, १९६८ची मस्टँग, फास्टबॅक, आत फोर्डचंच नवीन कोयोटी इंजिन. आम्ही तयार गाडी का घेतली तर स्वतः बनवायला वर्षं जातात आणि बनवून देणाऱ्या चांगल्या शॉपचा नंबर लवकर लागत नाही. बनवणाऱ्याला जेवढे पडले त्यापेक्षा आम्ही बरेच कमी दिले हे खरंय, पण सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या दोन गाड्यांपेक्षा खूप जास्तही दिले, आणि का ते सांगते.

आम्ही पहिल्यांदा लिफ्टवर चढवायला सांगितली. वरचा पेंट सगळ्यांचा छानच असतो हो, खाली बघितलं की कळतं. या गाडीत ब्रेकच्या लाइन सरळ, एकसारख्या वळवलेल्या, प्रत्येक ठिकाणी क्लिपने बांधलेल्या, एक्झॉस्टपासून लांब. दुसऱ्या एका गाडीत फ्युएलची लाइन हेडरच्या (एक्झॉस्टच्या गरम पाइपांच्या) इतकी जवळ की हात लावला तर गरम लागेल, आणि प्लास्टिकच्या टायने बांधलेली. ती गाडी दिसायला जास्त सुंदर होती आणि आम्ही तिथूनच परत आलो.

मग सकाळी थंड इंजिन स्टार्ट करून दाखवायला सांगितलं. ट्रॅफिकमध्ये टेम्परेचर किती जातं बघितलं. स्पीडोमीटर जीपीएसशी जुळतो का, वायपर चालतात का, पावसाचं पाणी आत येतं का. फालतू वाटेल पण हॉर्सपॉवर कोणीही विकत आणतो, या गोष्टी ज्याने पूर्ण केल्या त्यानेच गाडी खरी पूर्ण केलीय.

वायरिंगचा डायग्राम नाही हे मला घेताना नक्की खुपलं असतं. दादा तुम्ही एखाद्या चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला बसवून हार्नेसचं स्केच करून घ्या, फ्यूजवर लेबल लावून घ्या. आणि इंजिनचं ट्यूनिंग कुठल्या सॉफ्टवेअरने केलंय, ती फाइल कुणाकडे आहे, हे पण विचारतील.

पहिला_गिअर

ऑक्शनबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. टीव्हीवर जे दीड-दोन लाखाला जातात ते बहुतेक नावाजलेल्या शॉपचे असतात, रिंगब्रदर्स, डेट्रॉइट स्पीड, रोडस्टर शॉपची चॅसी वगैरे. त्यांना बनवायला खर्च पण त्याहून जास्त आलेला असतो. तिथे नाव विकलं जातं, म्हणजे काम खात्रीचं आहे ही हमी विकली जाते. घरी किंवा छोट्या शॉपमध्ये बनवलेली गाडी तितकीच चांगली असली तरी ती हमी फोटोंनी आणि पावत्यांनी सिद्ध करावी लागते.

शिवाय स्कॉट्सडेलला बॅरेट-जॅक्सनच्या ऑक्शनमध्ये बहुतेक गाड्या रिझर्व्हशिवाय, किमान भाव न ठेवता, जातात, म्हणजे त्या दिवशी हॉलमध्ये दोन माणसं भिडली तर छान, नाहीतर जो आकडा आला त्याला द्यावीच लागते. मीकमच्या ऑक्शनमध्ये रिझर्व्ह ठेवता येतो. दोन्हीकडे घेणाऱ्याला वरून साधारण दहा टक्के द्यावे लागतात आणि तो ते डोक्यात धरूनच बोली लावतो. गाडी तिथवर नेणं, तुझी फी, हॉटेल हे वेगळंच.

तुझ्या गाडीला मी ब्रिंग अ ट्रेलर ही ऑनलाइन ऑक्शनची साइट सुचवीन. घेणाऱ्याची फी पाच टक्के, रिझर्व्ह ठेवता येतो, आणि आधी विकलेल्या गाड्यांचे खरे भाव तिथे सगळ्यांना दिसतात. जाहिरातीतले मागितलेले आकडे बघून काही ठरवू नकोस, त्यातल्या कित्येक गाड्या वर्षभर तशाच पडून असतात. फक्त विकल्या गेलेल्या बघ: ६७ ते ६९ कॅमॅरो, एलएस इंजिन, मॅन्युअल, खऱ्या एसएस नसलेल्या. खालच्या कमेंट पण वाच, कुठल्या गोष्टीला लोक नावं ठेवतात ते तिथे कळतं. हॅगर्टीचा (जुन्या गाड्यांचा इन्शुरन्स करणारी कंपनी) भाव बघशील तर तो मूळ अवस्थेतल्या गाडीचा धरलेला असतो, तळ कुठे आहे ते समजायला चांगला, पण तुझ्या गाडीचा भाव तो नव्हे. आणि इन्शुरन्सची ॲग्रीड व्हॅल्यू म्हणजे बाजारभाव नव्हे, ती गाडी गेली तर कंपनी देईल म्हणून तुम्ही दोघांनी आधीच ठरवलेली रक्कम आहे.

माझा अंदाज विचारशील तर लिहिलंयस तसं काम असेल तर ६५ ते ७५ हजार. ॲरिझोनाची कोरडी बॉडी आणि सोबत जुनं इंजिन यामुळे वरच्या बाजूला. रिझर्व्ह ६२ हजारांना ठेवावास असं मला वाटतं. अजून एक, जाहिरातीत १९६९ हे वर्ष ठळक ठेव, कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग टेस्ट (धुराची तपासणी) नाही, त्यामुळे इंजिन बदललेलं असलं तरी तिकडचा माणूस बिनधास्त बोली लावतो.

बिगब्लॉक_४५४

आकड्याशी सहमत. रंग कुठलाय ते तू लिहिलंच नाहीस. चाकं किती इंची?

नॉरवुड६९

रंग गाडीचाच मूळचा, टॅगवरच्या कोडप्रमाणे, ल मान्स ब्लू. चाकं पुढे १७ मागे १८. सीट काळ्या, जुन्या पॅटर्नच्याच, डॅशबोर्डला स्क्रीन वगैरे काही नाही.

६५-७५ ऐकून आधी थोडं वाईट वाटलं पण सगळ्यांनी ज्या कारणांनी सांगितलंय ती पटली. डीलरला नाही कळवतो. या शनिवारी सेंडर बदलतोय, मग इलेक्ट्रिशियन शोधतो. लिफ्टवरचे फोटो काढले की इथे टाकतो, जाहिरात देण्याआधी एकदा बघून चुका काढा.

पाना_दहा_नंबर

मूळ रंग ठेवलायस ते फार बरं केलंस. फोटोत टनेलचा पॅच पण दाखव, कार्पेट उचलून. आणि फोटो ढगाळ दिवशी काढ, कडक उन्हात तो निळा फिका दिसतो आणि पॅनेलमधल्या फटी नीट कळत नाहीत.