ट्रॅकसाठी स्विफ्ट: स्प्लिटर आधी की विंग? सल्ला हवा

हातखंबा_नाका:
मंडळी, जुनी १.२ पेट्रोल स्विफ्ट आहे. रत्नागिरीत असते, ट्रॅक डेला (हौशी लोक सर्किटवर आपली गाडी पळवतात तो दिवस) ट्रेलरवरून मद्रासच्या सर्किटवर जाते. सेमी-स्लिक (कमी खाचांचे) टायर, कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉक), पुढे उणे २.८ अंश कॅम्बर (चाकाची वरची बाजू आत कललेली), ब्रेक पॅड हे सगळं झालंय. हळू वळणांत तक्रार नाही. चौथ्या गिअरच्या लांब वळणात मात्र ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू हलकी पडते. बजेट २५ हजार. आधी काय करू, पुढे स्प्लिटर (बंपरखालची सपाट फळी) की मागे विंग (गाडी खाली दाबणारा उलटा पंख)? आणि इकडे बनवून कोण देईल?

उलटा_पंख:
विंग आधी. नुसता स्प्लिटर लावलात तर पुढची पकड वाढेल आणि मागचं आणखी सुटेल. दोष फक्त वेगात दिसतो म्हणजे तो बहुतेक हवेचा. हळू वळणांतही दिसला असता तर आधी सस्पेन्शन बघायला सांगितलं असतं.

हॅचबॅकच्या मागच्या काचेमागे हवा घोळ घालते. तिथे बसवलेली विंग शोभेची. छताच्या रेषेपेक्षा २०० ते २५० मिमी वर घ्या.

आकडे बघा: १.४ मीटर लांब, २५० मिमी रुंद विंग, लिफ्ट गुणांक (विंग हवेतून किती दाब काढते तो आकडा) १ धरला तर १०० किमी वेगाला साधारण १६ किलो दाब, १४० ला ३२. वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून हेअरपिनला काडीचा उपयोग नाही.

छतावरून येणारी हवा मागे खाली उतरत असते. त्यामुळे स्पिरिट लेव्हलवर शून्य दिसलं तरी विंगला काही अंशांचा कोन मिळालेलाच असतो. शून्याने सुरुवात करा, दोन-दोन अंशांनी वाढवा. शेवटी हवं तर मागच्या कडेवर ४-५ मिमीची ॲल्युमिनियम एल-पट्टी.

डिकीचा पत्रा पातळ असतो. आतून ३ मिमीची प्लेट दिल्याशिवाय बोल्ट आवळू नका, पत्रा बोल्टभोवती फाटतो. डिकी बंद करून दोन्ही हातांनी विंगवर भार टाका. डिकी हलली तर तिच्या कडेचे रबरी बफर फिरवून थोडे बाहेर आणा, म्हणजे डिकी घट्ट बसेल.

फायबरवाला_मिरकरवाडा:
बनवायचं म्हणाल तर मासेमारी बोटी करणारे फायबरचे कारागीर तुमच्या दारातच आहेत, पुण्याला कशाला जाता! स्प्लिटरला १२ मिमी मरीन प्लाय, आयएस ७१० छापलेलाच. ओठ बंपरच्या पुढे ५०-६० मिमी, मागे पुढच्या चाकांच्या मध्यरेषेपर्यंत सपाट. ऑइल काढायला झाकण ठेवा. कापलेल्या कडांना पातळ इपॉक्सीचे दोन हात द्या. कड उघडी राहिली की एका पावसाळ्यात प्लाय फुगून पापुद्रे सुटतात. कामही दसऱ्यानंतरच काढा, दमट हवेत रेझिन चिकट राहतं.

बंपर ते स्प्लिटर उभी भिंत (एअर डॅम) हवीच. हवा भिंतीला अडते तेव्हाच ओठावर दाब बसतो. भिंत झाली की रेडिएटरच्या कडेच्या फटी फोम-पत्र्याने बुजवा, नाहीतर हवा बाजूने पळते आणि तापमानाचा काटा चढतो.

हातखंबा_नाका:
दादा, स्प्लिटर बंपरलाच बोल्ट केला तर?

फायबरवाला_मिरकरवाडा:
नको रे बाबा. पहिल्याच जोराच्या ब्रेकला बंपरसकट हातात येईल. चासीच्या क्रॉसमेंबरला ब्रॅकेट, पुढे दोन एम८ टर्नबकल (फिरवून लांबी कमी-जास्त करता येणारे आधाराचे रॉड). बोटीच्या सामानाच्या दुकानात स्टेनलेसचे मिळतात. ओठावर माणूस उभा राहिला तरी वाकता कामा नये. जमिनीपासून ८०-९० मिमी, पुढची कड मागच्यापेक्षा ५ मिमी खाली. उलट झालं तर हवा खाली शिरून नाक उचलते.

मीठवारा:
एक राहिलं. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमला स्टेनलेस बोल्ट थेट लागला की भोवती पांढरी भुकटी धरते, ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये नायलॉन वॉशर आणि ग्रीस.

उलटा_पंख:
आणि चाचणी महामार्गावर नको. धोका आहेच, शिवाय रस्त्यावरच्या गाडीत असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतात. ट्रॅकवर विंगच्या खालच्या बाजूला ७-८ सेंमी लोकरीचे धागे टेपने लावा, मागच्या काचेतून मोबाईलने चित्रण करा. धागे सरळ मागे म्हणजे ठीक. गोल फिरले किंवा पुढे वळले तर हवा विंगपासून सुटली, कोन दोन अंश कमी करा.

लॅप टाइम एकटा बघू नका. जीपीएस लॉगरवर वेगवान वळणातला किमान वेग आणि सरळ पट्ट्याच्या शेवटचा वेग, दोन्ही टिपा. तीन लॅप जुन्या कोनावर, तीन नव्या, पुन्हा तीन जुन्या. गरम टायरचं प्रेशर तिन्ही वेळा सारखं. गाडी वेगातच पुढून ढकलायला लागली (स्टिअरिंग वळवूनही सरळ जाऊ लागली) तर विंग जास्त झाली. मग स्प्लिटर लावा, किंवा कोन उतरवा.

हातखंबा_नाका:
म्हणजे दसऱ्यापर्यंत विंग, नंतर स्प्लिटर. मागचा बंपर खालून कापावा का? आत हवा भरते म्हणतात.

उलटा_पंख:
सध्या नको. लोकरीचे धागे तिथेही लावा, मग ठरवू.