मदत हवी आहे: एअर फिल्टर घरीच बदलला, पण डब्याच्या आतल्या बाजूलाही काळी धूळ सापडली

नमस्कार मंडळी,

मी वणीला राहते, नोकरी चंद्रपूरला. रोजचं जाणं-येणं घुग्गुसवरून. त्या रस्त्याने जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पुढेमागे कोळशाचे ट्रक, आणि पाऊस नसला की दोन दिवसांत काचेवर बोटाने नाव लिहिता येईल एवढा थर. गाडी २०१६ ची छोटी पेट्रोल हॅचबॅक, ७८,००० किमी झाली आहे.

पिकअप कमी वाटायला लागला म्हणून रविवारी एअर फिल्टर स्वतःच बदलायला घेतला. इंजिन गार झाल्यावर बॉनेट उघडलं, डब्याच्या चार क्लिपा सोडल्या, झाकण उचललं. इथवर काहीच अवघड नव्हतं. जुना फिल्टर खालून काळाठिक्कर होता, घड्याघड्यांत कोळशाची भुकटी.

पण धस्स झालं ते पुढे. फिल्टरच्या कडेचं रबर मागच्या कोपऱ्यात दोन बोटं रुंदीएवढं आत दुमडलेलं होतं. आणि झाकणाच्या आतून, म्हणजे जिथे फक्त गाळलेली हवा यायला हवी तिथे, त्याच कोपऱ्यापासून इंजिनकडे जाणाऱ्या पाईपच्या तोंडापर्यंत पंख्यासारखा पसरत गेलेला काळा पट्टा. पांढरं सुती फडकं फिरवलं तर काळं झालं. सहा महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंगला हाच फिल्टर काढून, हवा मारून परत बसवला होता. बहुतेक तेव्हाच दुमडला असावा. तेव्हापासून इंजिन ही धूळ ओढत होतं का? रात्री नीट झोप लागली नाही. हप्ते भरून घेतलेली गाडी आहे, अजून पाच वर्षं तरी चालवायची आहे.

इंजिनला इजा झाली की नाही हे न खोलता कसं कळेल? नवा फिल्टर बसवलाय, पण मागची क्लिप जरा सैल लागते, तर तो नीट बसलाय याची खात्री कशी करू? मॅन्युअलमध्ये ४०,००० किमीला बदला, धुळीच्या रस्त्यावर त्याआधी, असं आहे. आमच्या रस्त्याला ‘त्याआधी’ म्हणजे किती धरायचं?

प्रतिसाद

ताई, आधी घाबरणं सोडा. कोळसा त्यामानाने मऊ असतो. खरी भीती त्याच्यासोबत येणाऱ्या मातीची, कारण तिच्यातले वाळूचे कण पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासतात.

डब्यापासून येणारा पाईप थ्रॉटलपाशी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेपाशी, सोडा, टॉर्च मारा आणि आत बोट फिरवा. तेलकट काजळी लागली तर ती बहुतेक गाड्यांत असते. बोटांत चोळल्यावर कोरडं, खरखरीत लागलं तर धूळ तिथपर्यंत पोचली म्हणायची. तशी लागली तर ऑईल आणि ऑईल फिल्टर लगेच बदला, पुढच्या सर्व्हिसिंगची वाट बघू नका. मग सपाट जागेवर, गार इंजिनावर डिपस्टिक (ऑईल मोजायची पट्टी) बघून ऑईलची पातळी लिहून ठेवा आणि हजार किमीनंतर पुन्हा बघा. पातळी फारशी उतरली नाही आणि निळा धूर नाही, तर गाडी ठीक आहे. तरी शंका राहिली तर मेकॅनिककडून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या.

फिल्टर बसल्याची खात्री करायला माझी जुनी रीत सांगतो. खालच्या डब्याच्या काठावर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा, फिल्टर ठेवा, झाकण लावून क्लिपा दाबा आणि लगेच परत उघडा. रबरावर ग्रीसची रेघ सलग चहूकडे उमटायला हवी. जिथे तुटली तिथून धूळ जाणार. डबा उघडा असेपर्यंत पाईपच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबून ठेवा, आणि बंद करताना ते न विसरता काढा.

तुमच्या रस्त्याला मी दर ५,००० ला उघडून बघेन आणि १०,००० ते १५,००० मध्ये बदलेन. कॉम्प्रेसरची हवा मात्र मारू देऊ नका. जोराच्या हवेने कागदाला बारीक भोकं पडतात, ती डोळ्यांना दिसतही नाहीत. आणि थोडा मळलेला फिल्टर नव्यापेक्षा बारीक गाळतो, म्हणून उगीच रोज उघडूही नका.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. काल संध्याकाळी सगळं केलं.

ग्रीसची रेघ तीन बाजूंनी सलग आली आणि मागच्या कोपऱ्यात तुटली. तिथे नखाने खरवडलं तेव्हा कळलं, डब्याच्या काठाच्या खाचेत कोळशाचा चिखल वाळून दगडासारखा बसला होता. त्यामुळे रबर खाली जातच नव्हतं आणि क्लिपही त्यामुळेच नीट लागत नव्हती. झाडूच्या काडीने खाच मोकळी केली, ओल्या फडक्याने पुसली, वाळू दिली. दुसऱ्यांदा रेघ पूर्ण उमटली आणि क्लिप ‘टक्’ असा आवाज करून बसली. ग्रीस पुसून टाकलं.

थ्रॉटलच्या तोंडाशी बोटाला तेलकट काजळी लागली, पण खालच्या बाजूला थोडं खरखरीतही जाणवलं. म्हणून आज ऑईल आणि ऑईल फिल्टर दोन्ही बदलून घेतले, समोर उभं राहून.

आजची नोंद: ७८,२१४ किमी, पातळी वरच्या खुणेला. सकाळी गाडी चालू केल्यावर धूर नव्हता. ७९,२०० झाले की डिपस्टिक बघून इथेच लिहिते.