ऑफिसचा सर्व्हर अर्धीच फाइल गिळतोय, काय करावं?

टॉवेलवाला
नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या कारखान्यात कंप्युटरचं सगळं मी बघतो. सगळं म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी हाक मलाच. कारखान्यातल्या लिनक्स मशीनवरून दर १५ मिनिटांनी गोदामाच्या शिलकीची सीएसव्ही (ओळीओळीने लिहिलेली साधी यादी) एससीपीने (एका मशीनवरून दुसऱ्यावर फाइल कॉपी करणारी कमांड) नव्या पेठेतल्या ऑफिसच्या सर्व्हरवर जाते. लाइन डोंगलची, त्यामुळे सावकाश. तिकडे क्रॉन (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) दर मिनिटाला फोल्डर बघतो. फाइल दिसली की जुनी शिल्लक पुसून नवी भरतो.

मंगळवारी फाइल जातानाच कारखान्याची लाइट गेली. ३,२१२ ओळींपैकी पोचल्या १,८७०. स्क्रिप्टने तेवढ्याच भरल्या, एरर एकही नाही. उरलेल्या टॉवेलांची शिल्लक शून्य! सेल्सच्या पोराने गिऱ्हाइकाला 'माल नाही' सांगितलं, आणि माल गोदामात छताला टेकलेला. मालकांनी बोलावून विचारलं, "तुमचा कंप्युटर टॉवेल खातो काय हो?"

आता असं केलंय: फाइलचा आकार बघायचा, १० सेकंद थांबायचं, परत बघायचा. तोच असेल तर उचलायची. चालेल ना?

होटगी रोड
नाही चालणार. लाइन १० सेकंद अडकली तरी आकार तोच दिसेल. आणि तुमची तर लाइटच गेली होती, म्हणजे अर्ध्या फाइलचा आकार कायमचाच स्थिर!

मुळात एससीपी पहिल्या बाइटपासून खऱ्या नावानेच लिहितो. म्हणून स्टॉक.सीएसव्ही.पार्ट अशा नावाने पाठवा आणि पूर्ण गेल्यावर एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर कमांड चालवायची सोय) एमव्ही (फाइल हलवायची किंवा तिचं नाव बदलायची कमांड) चालवून नाव बदला. क्रॉनने फक्त शेवटी .सीएसव्ही असलेलीच फाइल उचलायची. दोन्ही कमांडच्या मधे && घाला, म्हणजे एससीपी फसला तर एमव्ही चालत नाही. तिथे अर्धविराम (;) टाकलात तर एमव्ही कसाही चालेल, मुसळ केरात.

रात्रपाळी
एवढा खटाटोप कशाला, एससीपीऐवजी आरसिंक वापरा की, तोही फाइल पाठवणाराच प्रोग्राम. ते आधी ठिपक्याने सुरू होणाऱ्या तात्पुरत्या नावाने लिहितं आणि पूर्ण झाल्यावर स्वतःच नाव बदलतं. फक्त --इनप्लेस लावू नका, मग थेट मूळ फाइलवरच लिहितं. आणि --टाइमआउट द्या, नाहीतर लाइन मेली तरी बसून राहील.

टॉवेलवाला
आरसिंक उद्या लावतो. काल होटगी रोडसाहेबांचं करून बघितलं. ऑफिसच्या सर्व्हरवर /टीएमपीमध्ये (तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर) पाठवायची आणि तिथून एमव्हीने फोल्डरात टाकायची. तरी आज सकाळी एकदा अर्धीच उचलली गेली!

होटगी रोड
अहो, /टीएमपी कशाला मधे आणलंत? डीएफ (कुठलं फोल्डर कुठल्या पार्टिशनवर ते दाखवणारी कमांड) चालवून बघा, वेगळं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, असणार. एकाच पार्टिशनवर एमव्ही म्हणजे नुसती नावाची पाटी बदलणं. वाचणाऱ्याला एक तर फाइल दिसत नाही, नाहीतर पूर्ण दिसते. पार्टिशन बदललं की तोच एमव्ही आधी कॉपी करतो, मग जुनी पुसतो. क्रॉनने त्या कॉपीच्या मधेच हात घातला. .पार्ट त्याच फोल्डरात ठेवा.

जुना खतावणीवाला
एक राहिलं. कारखान्यातला प्रोग्राम सीएसव्ही लिहीत असतानाच तुम्ही ती पाठवली तर? अर्धी फाइल पूर्णपणे पोचेल. चेकसमही (फाइल पाठवली तशीच पोचली का ते ताडायचा आकडा) जुळेल.

झिपची यादी फाइलच्या शेवटी असते, म्हणून अर्धी झिप उघडताना बोंबलते. सीएसव्ही म्हणजे आपली कडक भाकरी. कुठेही मोडा, हातातला तुकडा भाकरीच. म्हणून प्रोग्रामला सगळ्यात शेवटी एक ओळ लिहायला लावा: 'एकूण ३२१२'. ती नसेल किंवा आकडा जुळत नसेल तर ऑफिसने फाइल बाजूला ठेवायची आणि तुम्हाला मेल करायचा. आमच्या हिशेबाच्या वहीत पानाखाली बेरीज असायची ती याचसाठी.

आणि ते 'जुनी पुसून नवी भरतो' एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करा, म्हणजे एक तर सगळं होईल, नाहीतर काहीच नाही. भरताना ऑफिसची लाइट गेली तर काय कराल?

टॉवेलवाला
आरसिंक, शेवटची ओळ, ट्रान्झॅक्शन, तिन्ही लावलं. फाइल जाताना मुद्दाम तीन वेळा डोंगल उपटला, तिन्ही वेळा ऑफिसात जुनी शिल्लक तशीच राहिली. एकदा शेवटची ओळ हाताने पुसून पाठवली, मिनिटभरात मेल आला.

मालक खूश. आता चादरीचं गोदामही यावरच घ्या म्हणतात. तिथल्या मशीनवर विंडोज एक्सपी आहे. नवा धागा काढतो.