मदत हवी आहे : 'बाय' आणि 'अंटिल' यांतला फरक मुलीला कसा सांगू?

नमस्कार मंडळी. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा. माझी पुतणी मराठी माध्यमात आठवीत आहे, तिचं इंग्रजी संध्याकाळी मी घेतो. सध्या 'बाय' या एवढ्याशा शब्दापाशी अडलोय.

बाकीचे अर्थ तिला पटकन कळले. 'बाय बस' म्हणजे बसनं, 'बाय द रिव्हर' म्हणजे मलप्रभेच्या काठाशी, कर्मणी प्रयोगात 'कडून'. '10 बाय 12' ची खोली आणि हॉटेलातला 'बाय टू' चहा तर आपल्या रोजच्या बोलण्यातलाच.

अडतं ते वेळेपाशी. 'अर्ज सोमवारपर्यंत द्या' इथं 'बाय मंडे', पण 'दुकान सोमवारपर्यंत बंद' इथं 'अंटिल मंडे'. मराठीत दोन्हीकडे 'पर्यंत', म्हणून ती सगळीकडे 'अंटिल'च लिहिते. मग मी कन्नडचा आधार घेतला. 'सोमवारदोळगे' म्हणजे सोमवारच्या आत, तिथं 'बाय'. 'सोमवारद तनक' म्हणजे तोवर चालूच, तिथं 'अंटिल'. हे तिला लगेच पटलं, आणि मला फार बरं वाटलं.

पण नकार आला की पुन्हा घोळ. 'तो सोमवारपर्यंत येणार नाही' याला 'अंटिल' लावलं तर सोमवारी येईल असं वाटतं. 'बाय' लावलं तर सोमवारच्या आत त्याचं येणं जमणार नाही, एवढंच कळतं. हे आठवीच्या मुलीला सोपं करून कसं सांगायचं? शिकवणाऱ्यांपैकी कुणाकडे रोजच्या जगण्यातली चार-सहा वाक्यं असतील तर कृपया द्या. 'च्या आत' आणि 'तोवर' एवढ्यावर भागेल का?