मदत हवी आहे: जुन्या मोटारसायकलींच्या शर्यती, तंबूत दोन रात्री आणि सत्तरीतले बाबा

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

जुन्या मोटारसायकलींच्या शर्यती बघायला शुक्रवार ते रविवार ट्रॅकवरच तंबू ठोकून राहिलेलं इथे कोणी आहे का? मी गेल्या वर्षी एकटा गेलो होतो आणि पुरती फजिती करून घेऊन परतलो. यंदा बाबांना न्यायचंय, म्हणून आधीच विचारून घेतोय.

गेल्या वर्षी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. टॉर्चच्या उजेडात एक मस्त सपाट, मऊ गवताची जागा दिसली. एवढी चांगली जागा रिकामी का, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. रात्री दीडपर्यंत शेजारचा जनरेटर धडधडत होता. तो थांबला, डोळा लागला, तीनला पाऊस आला आणि कळलं की आपण उताराच्या अगदी तळाशी आहोत. अख्ख्या मैदानाचं पाणी माझ्या पाठीखालून वाहत होतं. सकाळी आंघोळीच्या रांगेत होतो, तेवढ्यात ज्या ५०० सीसीच्या शर्यतीसाठी गेलो होतो ती सुरू झाली आणि संपलीसुद्धा. फक्त सहा फेऱ्या! खांद्यावर टॉवेल टाकून मी नुसता आवाज ऐकला.

पण काय आवाज होता तो! एकेक ठोका वेगळा मोजता येईल असा. संध्याकाळी बाबांना रेकॉर्डिंग ऐकवलं. फोन कानाशी धरून ते म्हणाले, "सिंगल आहे. मोठा." सिंगल म्हणजे एकाच सिलिंडरचं इंजिन. मी म्हटलं, मँक्स नॉर्टन (जुनी ब्रिटिश रेसिंग मोटारसायकल). मग कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. आयुष्यभर इंजिनं खोलली आहेत त्यांनी, पण मँक्स फक्त चित्रात पाहिलेली.

तर प्रश्न असे. तंबूची जागा कशी निवडावी? बाबांचे गुडघे कुरकुरतात, जमिनीवरून उठताना त्यांना आधार लागतो. त्यांच्या डाव्या कानाला कमी ऐकू येतं, तर इतक्या आवाजात त्यांना नेणं बरोबर आहे का? आणि स्पर्धकांच्या पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या ठेवून तयार करतात त्या आवारात, आपल्यासारख्यांनी कितपत घुसावं? मी गेल्या वेळी बावळटासारखा दोरीबाहेर उभा होतो, नंतर कळलं की दोरी गाड्यांसाठी होती, माणसांसाठी नव्हती.

अर्धा क्लच

उजेडी पोचा, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. उतार असेल तर वरच्या बाजूला, पण अगदी माथ्यावर नको, तिथे वारा तंबू उचलतो. आधी पाणी कुठून वाहत गेलंय ते बघा. गवत झोपलेलं आणि मध्येच जास्त हिरवं असेल तर ती जागा सोडा. संडास साधारण शंभर पावलांवर असावा. जवळ असेल तर रात्रभर दाराची धाडधाड, लांब असेल तर वडिलांना पहाटे अंधारात तंबूच्या दोऱ्यांवर अडखळायची पाळी. दोऱ्यांना पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधा. बहुतेक ठिकाणी शांत विभाग वेगळा असतो, बुकिंग करतानाच तो मागून घ्या.

वडिलांसाठी फोल्डिंग खाट न्याच. गुडघ्याच्या उंचीची. बसून उठता येणं हाच खरा मुद्दा आहे, गादी किती जाड हा नाही. मात्र खाटेखालून थंड हवा फिरते, म्हणून अंगाखाली फोमची चटई हवी, नाहीतर उन्हाळ्यातही पहाटे कुडकुडायला होतं. आणि पाऊस कितीही येवो, स्टोव्ह तंबूच्या आत पेटवायचा नाही. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कानकोंडा

कानाबद्दल. कमी ऐकू येतं म्हणून आवाजाचा त्रास कमी, असं नसतं. उरलेलं ऐकणं जपायचं असतं. ८५ डेसिबलच्या पुढे रोजचे आठ तास गेले की कानाला धोका सुरू होतो, आणि उघड्या मेगाफोनची (भोंग्यासारख्या धुराच्या नळीची) रेसिंग मोटारसायकल त्याच्या कितीतरी वर जाते. फोमचे प्लग घ्या. नीट वळून बारीक करायचे, कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचं. नुसते कानाच्या तोंडाशी चिकटवले तर उपयोग शून्य. श्रवणयंत्र असेल तर ते काढून डबीत ठेवा आणि वरून इअरमफ. कापूस तर विसराच, त्याने आवाज फारसा अडत नाही.

गरम प्लग

अहो, तुम्ही शर्यत चुकली म्हणून हळहळताय, पण अशा शनिवार-रविवारचा अर्धी मजा पॅडॉकमध्येच असते! बिनधास्त जा. नियम सोपे: विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, सिगारेट नाही, चालू गाडीच्या मागे उभं राहायचं नाही. शिट्टी किंवा हॉर्न ऐकला की बाजूला व्हायचं, कारण गाडी येत असते आणि तिचा ब्रेक जुना असतो.

शर्यतीच्या आधी अर्धा तास एखाद्या सिंगलपाशी थांबा. पुष्कळ गाड्यांना किकही नसते. मागचं चाक फिरवणाऱ्या रोलरवर चढवतात किंवा ढकलतात. जागतिक स्पर्धांमध्येसुद्धा १९८६ पर्यंत गाडी ढकलतच शर्यत सुरू व्हायची. इंजिन आधी 'गरम' प्रकारच्या स्पार्क प्लगवर तापवतात, कारण थंड इंजिनात रेसचा प्लग तेलाने माखतो. मग बंद करून, चटके खात, रेसचा प्लग बसवतात. शर्यतीनंतर काढलेला रेसचा प्लग मागून घेऊन बघा. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर मिश्रण जमलंय. पांढरं म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, काजळी म्हणजे जास्त होतंय. तुमच्या वडिलांना हे सांगायला नको, पण तुम्हाला बोलायला विषय मिळेल.

आणि तो वास! एरंडेल तेल. कॅस्ट्रॉल हे नावच कॅस्टर म्हणजे एरंडावरून आलंय. गरम धातूला ते चिवटपणे धरून राहतं, म्हणून जुन्या रेसर मंडळींचा त्यावर जीव. पण नंतर आत लाखेसारखा थर धरतं, त्यामुळे शर्यत झाली की काढून टाकण्याचा उद्योग असतो.

बघताना अजून एक. एकाच शर्यतीत दोन-तीन वर्ग एकत्र सोडतात, त्यामुळे पुढे कोण हे कळत नाही. अनेक ठिकाणी नंबरपाट्यांचे जुने रंग पाळतात: ५०० ला पिवळ्यावर काळा आकडा, ३५० ला निळ्यावर पांढरा, २५० ला हिरव्यावर पांढरा. कार्यक्रमपत्रिका विकत घ्या आणि आंघोळ शर्यतींच्या आधी, सहाला उरका :)

साइडकारची शर्यत हळू वळणापाशी बघा. मागचा गडी डांबराला जवळजवळ खांदा घासतो.

सहज आलो

एवढं एरंडाचं गुऱ्हाळ कशाला? सरळ हॉटेलात राहा, सकाळी जा, संध्याकाळी या.

धागाकर्ता

तोही विचार केला होता. पण गेल्या वर्षी भिजलेला, झोपमोड झालेला मी जे पाहिलं ते फाटक बंद झाल्यावरच. सात वाजता दिवसाचे प्रेक्षक गेले आणि पॅडॉकमध्ये दिव्याखाली चार जण एका उघड्या गिअरबॉक्सवर वाकलेले होते. बाबांना ते दाखवायचंय. शर्यत काय, टीव्हीवरही दिसते.

अर्धा क्लच

मग एक शेवटचं. जुन्या सुट्या भागांचा बाजार भरत असेल तर वडिलांचं पाकीट तुमच्याकडे ठेवा. हसू नका.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनी)

जाऊन आलो. सगळ्यांचे मनापासून आभार. जागा वरच्या बाजूला मिळाली, पाऊस आलाच नाही, चिंध्या बांधलेल्या दोरीवर मीच अडखळलो. खाट उत्तम. कानात प्लग घालायला बाबा तयार नव्हते. पहिली टीझेड यामाहा (टू-स्ट्रोक रेसिंग गाडी) समोरून किंचाळत गेल्यावर स्वतःच हात पुढे केला.

शनिवारी संध्याकाळी एका ३५० सीसीच्या एजेएस मोटारसायकलपाशी थांबलो होतो. मालक एकटाच होता. खाली वाकून मागचं चाक बसवत होता आणि अॅक्सल काही सरळ जाईना. बाबा काही न बोलता पुढे झाले, चाकाखाली बुटाचं टोक सरकवलं आणि पाव इंच उचलून धरलं. अॅक्सल गेला. त्या माणसाने वर पाहिलं, दुसरा पाना बाबांच्या हातात दिला आणि पुढचा तास मला दोघांनीही विचारलं नाही. गुडघ्यांचं नावही निघालं नाही. ते दुसऱ्या दिवशी निघालं.

पाकिटाचा सल्ला मी हसण्यावारी नेला. आता आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्राच्या कागदात एक गंजका मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी पुरवणारा भाग) आहे. स्पार्क पडत नाही. बाबांच्या मते आर्मेचरची (आतल्या फिरत्या गाभ्याची) वायर आतून गेलीय, ती नव्याने गुंडाळून घ्यावी लागेल. हे काम कोण करतं ते विचारायला वेगळा धागा काढतो. आई विचारतेय की मोटारसायकल कुठाय. त्याचं उत्तर अजून दोघांकडेही नाही.