पूर्वी झालेल्या अत्याचाराबद्दल पहिल्याच भेटीत विचारावे का?

प्रश्न (खानापूर): मी समुपदेशक आहे. आमच्याकडील नोंदणीचा अर्ज कन्नडमध्ये, तर येणाऱ्या बऱ्याच स्त्रिया मराठी बोलणाऱ्या. त्यामुळे 'पूर्वी अत्याचार झाला आहे का' हा रकाना बहुधा कोराच राहतो. परवा एका सुनेसोबत आलेल्या सासूबाईंनी मांडीवरची पिशवी घट्ट धरून प्रत्येक प्रश्नाचे उत्तर स्वतःच दिले. ओळख वाढेपर्यंत थांबावे का?

उत्तर (बेळगाव): फार थांबू नये, कारण न विचारता आपणहून सांगणारे थोडेच असतात, मात्र नातेवाइकांना बाहेर बसवल्याशिवाय, किंवा नवऱ्याला दुभाषा करून, विचारूच नये. 'अत्याचार' हा शब्दही टाळा, कारण वर्षानुवर्षे मार खाणाऱ्या बाईला तो आपल्याला लागू होतो असे वाटतच नाही. त्याऐवजी 'हे मी सर्वांनाच विचारते, सांगायचे नसेल तरी चालेल' असे म्हणून 'घरात कोणी मारत असे का, नको असताना कोणी अंगाला हात लावला होता का' असे साधेपणाने विचारा.

उत्तर (निपाणी): वरील मताशी सहमत आहे. परंतु 'कोणालाही सांगणार नाही' असे वचन आधी देऊ नका. समोरची व्यक्ती १८ वर्षांखालील असल्यास पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

प्रश्नकर्ती: आणि तिने सांगितलेच, तर पुढे काय?

उत्तर (बेळगाव): तपशील उकरून काढू नका. ती आज घरी सुरक्षित आहे का, एवढे मात्र त्याच भेटीत विचारा, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक तिला सापडेल, पण सासूबाईंना दिसणार नाही, अशा जागी लिहून द्या.